शुक्रवारी येणारा

प्रवीण पगारेचं शेवटचं पत्र मार्च अठ्ठ्याण्णवमध्ये मस्कतहून आलं. कंपनी कॅम्प हलवणार आहे, नवा पत्ता कळवतो, आईला गुडघ्याचं औषध वेळेवर घ्यायला सांगा, एवढाच मजकूर होता. नवा पत्ता कधी आला नाही. बेलापूरहून त्यानंतर अकरा पत्रं गेली. चार परत आली, बाकीच्यांचं काय झालं कळलं नाही. त्याला तिकडे पाठवणारा मुंबईचा एजंट ऑफिसला कुलूप लावून निघून गेला होता. वडील कचरू पगारे साखर कारखान्यातून नुकतेच रिटायर झाले होते. त्यांनी नगरला कलेक्टर कचेरीत अर्ज दिला, दिल्लीला परराष्ट्र खात्याकडे पाठवला. चौकशी चालू आहे, असं टाइप केलेलं उत्तर आलं आणि तेवढंच राहिलं.

प्रवीणची धाकटी बहीण यशोधरा श्रीरामपूरला काकासाहेबांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. क्लासमध्ये एकाच मशीनवर इंटरनेट होतं. त्यासाठी फोनच्या लाइनवरून पुण्याचा नंबर लावावा लागे, तो चार वेळा फिरवल्यावर लागे आणि लागला तरी मध्येच तुटे. दुपारची बॅच सुरू होण्याआधी अर्धा तास ते मशीन वापरायची परवानगी काकासाहेबांनी तिला दिली होती. नव्व्याण्णवच्या जानेवारीत तिने तिथे बसून भावाच्या नावाचं एक पान तयार केलं. फुकटात पानं ठेवू देणारी एक जागा होती, तिथे ठेवलं. वर प्रवीणचा फोटो, खाली उंची, भुवईवरची खूण, फिटरचं काम, कंपनीचं नाव, शेवटच्या पत्राची तारीख आणि घरचा पत्ता. सगळं इंग्रजीत, कारण मराठी अक्षरं दुसऱ्याच्या मशीनवर उमटत नसत. पान शोधणाऱ्यांना सापडावं म्हणून तिने पाच-सहा सर्च इंजिनांकडे नोंदणी केली. नजरेला न दिसणारे शोधशब्दही पानाच्या आत घातले. त्यात नावाची दोन्ही स्पेलिंगं होती: तिने स्वतः लिहिलेलं Praveen आणि पासपोर्टवरचं Pravin.

पानाच्या तळाशी तिने एक काउंटर बसवला. पान उघडलं की त्याचा आकडा एकाने वाढे.

घरी विमलबाईंना इंटरनेट म्हणजे काय ते समजावणं अवघड गेलं. आकडा मात्र त्यांना लगेच कळला. यशोधरा संध्याकाळी घरी आली, की चप्पल काढायच्या आत त्या विचारायच्या, "आज किती जनांनी पायला गं परवीनला?"

"बावीस वाढले, आई."

"कुठकुठले हुते?"

"ते नाही कळत. नुसता आकडा दिसतो."

"बावीस म्हंजी लई झाले," विमलबाई म्हणायच्या आणि भाकरीकडे वळायच्या. आकडा चांगला असला, की त्या रात्री त्यांना झोप लागायची. कचरूबाबा बुद्धविहारात जाऊन सांगायचे, "सातशे चाळीस लोकांनी बगितला आमचा पोरगा. साऱ्या दुनियेतनं. कुनीतरी वळकीलच."

हे सातशे चाळीस कोण आहेत, असा प्रश्न यशोधराला जून महिन्यात पडला. पुण्याहून येणाऱ्या एका कॉम्प्युटरच्या मासिकात तिने वाचलं होतं, की साधा काउंटर फसवा असतो. कोण आलं, कुठून आलं, काय शोधत आलं, हे सांगणाऱ्या फुकट सेवा निघाल्या होत्या. एकीचा भरवसा धरू नये, दोन वापरून आकडे ताडून पाहावेत, असंही त्यात लिहिलं होतं. तिने दोन्ही बसवल्या. पहिली सेवा माणूस कोणत्या शब्दांवरून आला ते दाखवायची, आणि एका मशीनवरून दिवसात कितीही वेळा पान उघडलं तरी एकच भेट धरायची. दुसरी कोणत्या देशातून आला ते दाखवायची, आणि आपल्या स्वतःच्या मशीनवरच्या भेटी वगळायची सोयही तिच्यात होती. वहीचं एक पान तिने आडवं धरून तीन रकाने आखले आणि सहा आठवडे रोज भरले.

सहा आठवड्यांत काउंटर तीनशे दहाने वाढला. पहिल्या सेवेने एकसष्ट भेटी दाखवल्या. दुसरीने अडतीस.

तिने बेरीज पुन्हा केली. मग काकासाहेबांकडे गेली.

"सर, नव्या बॅचला माझं पान दाखवता का तुम्ही?"

"दाखवतो की," काकासाहेब उत्साहाने म्हणाले. "अहो मॅडम, आपल्या क्लासमध्ये तयार झालेली पहिली वेबसाइट आहे ती. प्रत्येक पोराला उघडायला लावतो. काउंटर हलतो ना, पोरांना गंमत वाटते. पुन्हापुन्हा उघडतात."

त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. जानेवारीपासून आई ज्या आकड्यावर झोपत होती तो क्लासच्या पोरांनी वाढवलेला होता.

क्लासचं मशीन वगळलं, की राहिले दुसऱ्या सेवेतले अडतीस. त्यातल्या काही भेटी माणसांच्या नव्हत्याच, सर्च इंजिनाचा प्रोग्रॅम ठरावीक दिवसांनी पान वाचून जाई, त्याच्या होत्या. उरलेल्या बहुतेकांचे शब्द पहिल्या सेवेच्या यादीत एकाखाली एक दिसत होते. गल्फ जॉब. मस्कत व्हिसा. फिटर व्हेकन्सी ओमान. काही ओळींत पुढे हैदराबाद, केरळ, मुंबई. तिच्या पानावर कंपनीचं नाव होतं, फिटर हा शब्द होता, म्हणून सर्च इंजिन त्यांना तिथे आणून सोडत होतं. तिकडे जाण्यासाठी धडपडणारी माणसं होती ती. पान उघडायची, हरवलेल्या माणसाचा फोटो बघायची आणि निघून जायची. एकानेही खाली दिलेल्या पत्त्यावर ओळ लिहिली नव्हती.

यादी संपता संपता तिला एक वेगळी ओळ दिसली. शब्द होते: pravin kachru pagare belapur.

पासपोर्टवरचं स्पेलिंग. वडिलांच्या नावासकट, गावासकट. तिने मागच्या तारखा चाळल्या. तीच ओळ पाच वेळा होती. पाचही तारखा शुक्रवारच्या. तिने दुसरी सेवा उघडली, त्याच तारखा, त्याच वेळा शोधल्या. देशाच्या रकान्यात पाचही ठिकाणी एकच नाव होतं: ओमान.

दुपारची बॅच तिने कशी घेतली ते तिला नंतर आठवेना.

घरी सांगायचं नाही, आधी खात्री करायची, असं तिने एसटीत बसून पक्कं ठरवलं होतं. पण दारात विमलबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि तिच्या तोंडून सगळं निघून गेलं. विमलबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

"सोताचं नाव सोता कशाला शोधंल त्यो?" कचरूबाबांनी विचारलं.

"पानाचा पत्ता त्याला माहीत नसेल, बाबा. आपलं कुणी शोधतंय का ते बघत असेल."

"मंग पत्र का न्हाई टाकत?"

विमलबाईच म्हणाल्या, "कुनी टाकू देत नसंल. मालकानं कागदं ठिवून घेतली असतील. शुक्रवारी सुट्टी असती ना तिकडं? तवा सुटत असंल." मग त्या सरसावून बसल्या. "यशे, त्याच्यासाठी लिव तिथं. मी सांगते."

दुसऱ्या दिवशी यशोधराने पानाच्या अगदी वर, फोटोच्याही वर, इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर घातला. दादा, दर शुक्रवारी तू येतोस ते आम्हाला कळलं आहे. आई-बाबा बरे आहेत. आईचा गुडघा बरा आहे. तुला कुणी काही बोलणार नाही. फक्त एक ओळ लिही. खाली तिचा ईमेलचा पत्ता.

गुडघा बरा नव्हता, पण ते वाक्य विमलबाईंनी मुद्दाम घालायला लावलं होतं.

शुक्रवार आला. त्या दिवशी कचरूबाबा सकाळपासून अंगणात होते. विमलबाईंनी मधल्या चार दिवसांत प्रवीणची जुनी पेटी उघडून त्याचे शर्ट धुऊन वाळत घातले होते. यशोधराने दुपारी पाहिलं, तेव्हा यादीत काही नव्हतं. शनिवारी पाहिलं तर शुक्रवारची भेट उमटलेली होती. ओमान, तेच शब्द. या वेळी पान बराच वेळ उघडं होतं. आणि तिच्या ईमेलमध्ये एक पत्र होतं.

तेही इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत होतं, चुकत-माकत टाइप केलेलं.

"ताई नमस्कार. मी आसाराम, पुणतांब्याचा. ड्रायव्हर. तुमचं पत्र आलं होतं मागच्या वर्षी."

यशोधराला आठवलं. मस्कतला पुणतांब्याचा एक ड्रायव्हर आहे असं कळल्यावर तिने त्याला भावाचं नाव, गाव, पासपोर्टची माहिती, सगळं पाठवलं होतं. कॉम्प्युटरवर पान करणार आहे, हेही लिहिलं होतं. चौकशी करतो, असं त्याचं एक कार्ड आलं आणि नंतर काहीच नाही. विसरला असेल, म्हणून तिनेही सोडून दिलं होतं.

"मी त्या कॅम्पवर दोनदा गेलो. तिथं आता गाड्यांचं गोडाऊन झालंय. जुना वॉचमन म्हणाला, माणसं दोन ट्रकमध्ये भरून नेली. कुणी म्हणतं वाळवंटातल्या कामावर, कुणी म्हणतं घरी पाठवली. नावाची यादी कुणाकडं नाही. तुम्हाला काय लिहावं ते कळेना, म्हणून लिहिलं नाही. आमच्या ऑफिसातला मल्याळी क्लार्क शुक्रवारी कॉम्प्युटरवर बसतो. पान झालं का, पोरगा सापडला का ते बघायला त्याला नाव टाकायला सांगितलं. सापडला असता तर तुम्ही लिहिलं असतं. म्हणून दर शुक्रवारी बघत होतो. आज तुमची चिठ्ठी दिसली. तुम्हाला दुसरंच वाटलं. माझ्यामुळं झालं. माफ करा ताई. आता उघडणार नाही. हे तो क्लार्क टाइप करतोय, मी अक्षरं सांगतोय."

ती संध्याकाळी घरी आली तेव्हा विमलबाईंनी आकडा विचारला नाही. नुसत्या तोंडाकडे बघत राहिल्या. यशोधराने पत्र वाचून दाखवलं.

"म्हंजी शुक्रवारचा त्यो आपला न्हवं," विमलबाई म्हणाल्या.

"नाही, आई."

"आनि बाकीचे समदे?"

खोटं बोलावं असं यशोधराच्या मनात आलं. पण ते खोटं तिने सहा महिने, नकळत का होईना, रोज घरी आणलं होतं. "ती क्लासमधली पोरं होती, आई. आपल्या श्रीरामपूरची. त्याला ओळखणारं कुणीच नव्हतं त्यात."

कचरूबाबा उठून बाहेर गेले. त्या दिवसापासून ते विहारात जायचे, पण मागे बसायचे. कुणी विचारलंच तर "चालू हाय" म्हणायचे.

विमलबाईंनी शर्ट घड्या करून पेटीत ठेवले. तिसऱ्या दिवशी यशोधरा कामाला निघाली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला.

"त्या डायवरला लिव. बघत जा म्हनावं. बंद करू नगं म्हनावं."

"त्याने काय होणार, आई?"

"त्या मुलखात एक मानूस तरी त्याचं नाव घेतोय. तेवढं तरी ऱ्हाऊ दे."

यशोधराने लिहिलं. आम्ही रागावलो नाही, उलट तुमचे उपकार आहेत, आईचं म्हणणं आहे की बघत राहा. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा लिहिलं. ऑगस्टच्या शेवटी दोन ओळींचं इंग्रजी उत्तर आलं, क्लार्कच्या जागी आलेल्या दुसऱ्या कुणाचं. आधीचा माणूस नोकरी सोडून गेला. आसाराम नावाचा ड्रायव्हर दुसऱ्या कंपनीत गेला, पत्ता माहीत नाही.

तिने तो काउंटर काढून टाकला. दादासाठी लिहिलेली चिठ्ठीही काढली, कारण ती वाचणारं कुणी नव्हतं. पान मात्र ठेवलं. वहीतले रकाने ती आणखी काही आठवडे भरत राहिली. शुक्रवारच्या ओळीत ओमान कधी आलं नाही. गल्फ जॉब, मस्कत व्हिसा, फिटर. माणसं यायची आणि जायची.

दिवाळीनंतर दिल्लीहून एक पत्र आलं. सदर इसमाची कोणतीही नोंद आढळत नाही. कचरूबाबांनी ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग विचारलं, "नोंद न्हाई म्हंजी गेला का हाय?"

"तसं काहीच लिहिलं नाही, बाबा."

"मंग आमी काय करायचं?"

विमलबाई आतून ऐकत होत्या. यशोधराने पत्राची घडी घातली आणि ते रकान्यांच्या वहीत ठेवलं.