सीटची खूण

बाबांच्या सायकलवर बसलं की माझे पाय जमिनीला टेकत नसत. गोत्री ते वासणा, शहरातल्या डांबरी रस्त्यावर ते निभून जाई. पण मला जायचं होतं राजपीपळ्याहून डेडियापाड्याच्या जंगलात, पुढे आहव्यावरून सापुताऱ्याला, एकटीनं. खडीच्या उतारावर पाय टेकले नाहीत, तर माणूस पडतं.

वाट बाबांनी ठरवलेली. रिफायनरीतून निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं जाणार होतो. निवृत्तीच्या आधीच, श्रावणात, ते गेले.

बाकी तयारी झाली होती. जास्तीच्या ट्यूब, पंक्चरचं सामान, जाड कापडाच्या पिशव्या. पिशव्यांत गहू भरून मी वजनाची सवय करत होते. आई त्यातलेच गहू दळायला काढी. कॉलेजातली रजा सोमवारपासून मंजूर होती. पुढे ऊन वाढलं की डांगच्या डोंगरात सायकल घालण्यात अर्थ नव्हता.

दांडिया बाजारातल्या सायकलच्या मिस्त्रीनं दोनदा विचारलं, "बेन, सीट नीची करी आपुं?" सीट खाली करून घेणं मी दोन्ही वेळा "नंतर" म्हणून टाळलं. आईनं आधीच बजावलं होतं, "सीटला हात लावायचा नाही. त्यांची उंची आहे ती."

रविवारी समरजितचा अमेरिकेहून फोन आला. "ताई, तू आहेस म्हणून मला आईची काळजी नाही." धाकटा भाऊ हे दर रविवारी म्हणे, आणि मी दर रविवारी "हो" म्हणे.

फोन ठेवून मी पाना घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले. सीटखालचा नट सैल केला. सीट दाबायला मात्र हात होईना. मागे आईच्या चपला वाजल्या.

"एवढी पुस्तकं वाचतेस. आईला टाकून कसं जायचं, तेही असतं का गं त्यात?"

"शनिवारी बसच्या टपावर सायकल टाकून परत येते ना. रोज एसटीडीवरून फोन करीन."

"जंगलात एसटीडी?"

"आहव्यात असेल."

"आणि नसला तर?"

मी नट पुन्हा आवळायला घेतला. "राहू दे. नाही जात."

"वा! म्हणजे आईनं अडवलं, असं सांगायला मोकळी."

ती वर निघून गेली. संपलं, असं मला वाटलं. ती परतली ती ओल्या कुंकवाची बाटली घेऊन. श्रावणापासून न उघडलेलं झाकण तिनं पदरात धरून फिरवलं. कुंकू घट्ट झालं होतं. सीटची नळी जिथं सांगाड्यात शिरते, तिथं तिनं काडीनं गोल रेघ ओढली आणि फुंकर घातली. रोज आरशापुढे घालायची तशी.

"आता कर खाली."

मी नट पुन्हा सैल करून सीट दाबली. रेघ सांगाड्याच्या आत गेली. मी नट आवळला.

"पुसली नसेल ना?"

"वर केल्याशिवाय कसं कळणार, आई?"

"मग आल्यावर वर कर. आधी ते, मग चहा." तिनं हात पुढे केला. "पाना दे."

"वाटेत लागेल मला."

"दुसरा घे. हा घरी राहील."

सोमवारी सकाळी पिशव्यांत गव्हाऐवजी कपडे आणि दशम्या होत्या. मी सायकलवर बसले. दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकले. पॅडलवर ठेवायला ते लवकर उचलेनात. वर बाल्कनीत आई उभी होती, हातात पाना धरून.