चुलीतली राख

ख्रिस्ती देवळाची घंटा वाजवणाऱ्याला सगळे काजळ्या म्हणत. उपासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची राख तोच करायचा. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी देवळातून नेलेल्या आशीर्वादित झावळ्या लोक घरोघरून आणून देत. त्या फेकायच्या नसतात, जाळायच्या असतात. काजळ्या त्या डब्यात जाळी, फडक्यातून चाळी आणि दोन थेंब तेल घाली. त्याची राख इतकी बारीक, की कुणी श्वास सोडला तर ती फादरांना शेजारच्या गावातून परत आणावी लागे.

त्या दिवशी एकदाच जेवायचं असतं. त्याचं काजळ्याला काही वाटत नसे. एकट्या माणसाला दुसऱ्यांदा चूल पेटवायचा कंटाळाच असतो.

नऊ वर्षांपूर्वी झावळ्या भिजल्या, पेटेनात. काजळ्याने चुलीतली राख पाण्यात कालवून पुढे केली. दुपारपर्यंत अख्ख्या गावाची कपाळं टोमॅटोसारखी झाली. रांगेत सर्वांत पुढे त्याची थोरली बहीण होती. तिच्या कपाळावर अंगठ्याएवढा डाग कायमचा राहिला. लोक विचारायला आले, तेव्हा हा म्हणाला, "ताईच्या झावळ्यांवर औषध मारलेलं होतं."

ताई नदीपलीकडच्या देवळात जाऊ लागली. भावाशी बोलणं बंद.

"माणसा, तू माती आहेस," यंदा फादर रांगेतल्या एकेकाला सांगत होते. शेवटी काजळ्या उरला. नेहमीसारखाच, मागे कुणी नाही. फादरांनी अंगठा उचलला.

"थांबा फादर," तो म्हणाला. "आधी एका ठिकाणी जाऊन येतो."

ताईची लाँड्री दोन गल्ल्या सोडून. नऊ वर्षांत त्याला ते अंतर काही कापता आलं नव्हतं. ती इस्त्री करत होती. केस कपाळावर ओढलेले.

"कोण गेलं?" तिने वर न बघता विचारलं.

"कोणी नाही. ताई, ती राख..."

"चुलीतली होती."

"तुला कसं कळलं?" काजळ्याने विचारलं.

"राख आणि पाण्याचा खार कातडी कशी जाळतो, ते कपडे धुणारीला शिकवणार तू? कपाळ चुरचुरलं तेव्हाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतोस ते बघत होते."

"चुकलं माझं."

"मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं. ज्यांच्याजवळ माझं नाव घेतलंस त्यांना सांग."

तो परतला आणि त्याने भलत्या वेळी घंटा वाजवली. कोण मेलं ते बघायला गाव धावत आलं. पायरीवर उभा राहून त्याने सगळं सांगितलं. एकजण हसला, बाकीचे गुमान घरी गेले. शिव्या घातल्या असत्या, तरी त्याला सोबत वाटली असती. फादरांनी त्याच्या कपाळाला राख लावली. ताई आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या उंबऱ्याशी एक पुडकं होतं. आत ताईने नऊ वर्षं जाळायला न दिलेल्या सुकलेल्या झावळ्या, कडक इस्त्री केल्यासारख्या सपाट. वर लाँड्रीची पावती. 'परत न्यायची तारीख' या रकान्यात ताईच्या अक्षरात लिहिलं होतं: पुढचा राखेचा बुधवार.

काजळ्याने ती पावती घंटेच्या दोराशेजारी खिळ्याला लावली. मग ताई येईपर्यंतचे दिवस मोजले. पुन्हा मोजले, तरी तेवढेच भरले.