ब्रॅकेनशॉचा कठडा आणि विल्फची टोपी

मी एक जुना लोखंडी कठडा आहे. मित्रांनो, लगेच तोंड वाकडं करू नका. जिन्याचा कठडा वेगळा आणि मी वेगळा. ब्रॅकेनशॉ रोव्हर्स या फुटबॉल क्लबच्या मैदानावर, गोलामागच्या उघड्या पायऱ्यांवर मी उभा होतो. तिथे खुर्च्या नव्हत्या. लोक उभ्यानेच सामना बघायचे आणि मागून गर्दीचा लोंढा आला की मला घट्ट धरायचे.

माझा जन्म गावातल्याच ओतकामाच्या कारखान्यातला. क्लब काढला गिरणीतल्या विणकरांनी, आणि आमचा तेव्हाचा कप्तान आठवडाभर भट्टीवर राबून शनिवारी खेळायचा. मला ओतणाऱ्यांत तोही होता, हे मी अजून मिरवतो. पहिला चषक जिंकला तेव्हा त्याने तो माझ्यावर टेकवून सगळ्यांना दाखवला. पुढे युद्ध आलं. मैदानात बटाटे लावले, बागांची लोखंडी कुंपणं तोफांसाठी वितळवायला नेली. माझ्याकडेही दोघे येऊन बघून गेले, तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. पण कुणीतरी म्हणालं, "अहो, लढाई संपल्यावर माणसं टेकतील कुठे?" आणि मी वाचलो.

मग पुन्हा शनिवार सुरू झाले. दर उन्हाळ्यात क्लबची माणसं स्वतः येऊन मला क्लबचा गडद लाल, मरून रंग द्यायची. काय थाट होता माझा! आमच्याकडे उभ्या जागेवर कुणाचं नाव लिहिलेलं नसायचं. तरी दुसऱ्याच्या जागेवर कुणी उभा राहिलाच, तर आजूबाजूचे असे काही खाकरायचे की तो मुकाट्याने सरकायचा.

माझ्या उजव्या टोकाला एनिडची जागा होती. वडिलांबरोबर पहिल्यांदा आली तेव्हा तिची हनुवटी जेमतेम माझ्यावर पोचायची. मोठी झाल्यावर तिने नवऱ्याला आणलं. विल्फ बस चालवायचा. साधा, हसरा माणूस, बरोबर कायम चौकड्यांची टोपी, सामना चालू असताना ती एनिडच्या पिशवीत असायची. पण तो यायला लागला आणि आमच्यावर शेवटच्या मिनिटाला गोल बसायला लागले.

शेजारी उभा राहणारा रेग खाटीक भारी थट्टेखोर. तो एकदा म्हणाला, "विल्फ, लेका, तुझा पायगुणच वाईट! एकदा जरा लवकर निघून तर बघ."

विल्फने गंमत म्हणून टोपी चढवली आणि दहा मिनिटं आधीच निघून गेला. तो फाटकाबाहेर पडतोय तोच आमच्या पोरांनी लागोपाठ दोन गोल ठोकले. झालं! त्या दिवसापासून नियमच झाला. शेवटची दहा मिनिटं उरली की विल्फ टोपी घालायचा, लोक टाळ्या वाजवून त्याला वाट करून द्यायचे, आणि तो फाटकाजवळच्या, खिमा भरलेल्या गरम पाईच्या टपरीपाशी उभा राहून आतल्या आरड्याओरड्यावरून निकाल ओळखायचा. एवढा मोठा माणूस, पण सामन्याचा शेवट म्हणून त्याने कधी बघितला नाही.

इकडे जिंकल्यावर पायऱ्यांवर नवरा-बायको, बाप-लेक एकमेकांच्या गळ्यात पडायचे. एनिड एकटी असायची. ती वाकून मला मिठी मारायची. मी गार लोखंड, मी तिला काय देणार? फार वाईट वाटायचं मला.

अशी सगळी उमर गेली. दोघांचे केस पांढरे झाले. मग क्लबने ठरवलं, पुढच्या वर्षापासून इथे खुर्च्या बसवायच्या. म्हणजे मी भंगारात. त्यात आमचा क्लब लीगच्या अगदी तळाला पोचलेला. शेवटचा सामना निदान बरोबरीत सुटला तर वाचलो, हरलो तर लीगबाहेर. शेजारच्या गावचा क्लब असाच बाहेर पडला होता, आता त्याच्या मैदानावर फर्निचरचं दुकान आहे.

त्या दिवशी एक-एक अशी बरोबरी होती. दहा मिनिटं उरली. विल्फने टोपीसाठी हात पुढे केला, तर टोपी एनिडच्या पिशवीत आणि पिशवी तिने छातीशी धरलेली.

"आज नाही जायचं," ती म्हणाली.

"अगं, वेडी आहेस का? क्लब बुडेल!"

"बुडू दे. बुडताना तरी बरोबर असू."

रेग काकुळतीला आला. "एनिडबाई, पाया पडतो तुमच्या, आजचा दिवस जाऊ द्या त्याला!"

"तू गप रे. तुझ्यामुळेच हे सगळं झालंय."

विल्फ थांबला. मिनिटं सरेनात. आणि अगदी शेवटी आमच्याच खेळाडूने गोलासमोर एकाला पाडलं. पेनल्टी! सगळ्या पायऱ्या वळून विल्फकडे बघायला लागल्या. बिचारा पांढराफटक पडला. त्याने डोळे मिटले, तो खाली बसला आणि त्याने कपाळ माझ्या खांबावर टेकवलं.

मी मात्र सगळं बघितलं. आमचा गोलरक्षक भलत्याच बाजूला पडला, पण चेंडू त्याच्या मागे राहिलेल्या पायाच्या बुटाला लागून बाहेर गेला. असा आवाज झाला म्हणून सांगू!

"गेला का गं आत?" विल्फने डोळे मिटूनच विचारलं.

"मला काय माहीत?" एनिड म्हणाली. "मी तुझ्याकडे बघत होते."

तेवढ्यात शेवटची शिट्टी झाली. रेग लहान पोरासारखा नाचत होता, त्यावरून दोघांना काय ते कळलं. विल्फ उठला आणि एनिडच्या गळ्यात पडून रडला. त्या दिवशी मला कुणीही मिठी मारली नाही, आणि मित्रांनो, मला इतका आनंद उभ्या जन्मात झाला नव्हता.

मला भंगारात जाऊ दिलं नाही त्या दोघांनी. क्लबकडे हट्ट धरून मला फाटकाजवळ, पाईच्या टपरीशेजारी बसवून घेतलं. दर उन्हाळ्यात एनिड गंज खरवडते आणि विल्फ मरून रंग देतो. थेंब सांडतो म्हणून बोलणीही खातो. तुमच्याही गावात माझ्यासारखं कुणी जुनं लोखंड असेल, तर वर्षातून एकदा त्याला रंगाचा हात द्या.

आणि अजून एक सांगतो. विल्फ आता शेवटपर्यंत एनिडजवळ आतच असतो, पण टपरीपाशी एकट्याने उभं राहून निकाल ऐकणारं दुसरं कुणी ना कुणी मी दर शनिवारी जवळून बघतो. तुमचं माणूस शेवटच्या शिट्टीआधी निघायला लागलं, तर खुशाल त्याची टोपी लपवा.