येवांथियाआजीला मी बोलावलं

एकटेपणावरच्या माझ्या निबंधाला पूर्ण गुण मिळाले, तेव्हापासून मी जरा हवेतच होते. युरोपभरच्या हजारो म्हाताऱ्यांना विचारून केलेला अभ्यास मी पालथा घातला होता. निष्कर्ष असा, की ग्रीसमधली म्हातारी माणसं आम्हा फिनलंडवाल्यांपेक्षा जास्त एकटी असतात.

शेजारची डेस्पिना मूळची ग्रीसची. ती हसायलाच लागली. "हेल्का, आमच्या गावात संध्याकाळी दारात खुर्ची टाकली की अर्धं गाव येऊन टेकतं. मी पाहिलंय."

"ते तुझ्या एकटीचं. माझ्याकडे हजारो जण आहेत."

"बघा, सोळा वर्षांची प्रोफेसरीण!"

पण तिची आई, येवांथिया, गावी एकटीच राहायची. घर विकून तिला इथे टाम्पेरेला आणावं का, यावर डेस्पिनाचं वर्षभर घोडं अडलं होतं. मी तक्ते छापून नेले, रोज तिचे कान खाल्ले. शेवटी घर विकलं. ऑक्टोबरात आजी आली.

तिसऱ्या संध्याकाळी तिने दाराबाहेर, जिन्यापाशी खुर्ची टाकली.

आमच्याकडे बाहेर पडण्याआधी दाराच्या भोकातून बघतात. जिन्यात कोणी असेल तर ते जाईपर्यंत थांबायचं. उगाच कोणाला बोलायला लावू नये, ही सभ्यता. मीही थांबले. पोहायला उशीर होत होता, तरी थांबले. मजल्यावरच्या प्रत्येक दारामागे बहुतेक असंच कोणीतरी बूट घालून उभं असणार.

आठवड्याने इमारतीची चिठ्ठी लागली, अगदी नम्र. आगीचा धोका लक्षात घेऊन जिन्यात सामान ठेवू नये. आजीचं नाव कुठेच नव्हतं.

त्यानंतर ती बाहेर आली नाही. नाताळापर्यंत जेवणही सुटत गेलं. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठीक आहे.

फेब्रुवारीत मी तो अभ्यास पुन्हा काढला, चूक शोधायला. सापडली नाही. त्यांनी ग्रीकांना ग्रीसमध्ये विचारलं होतं आणि आम्हाला इथे. आजीसारख्या, तिथून उठून इथे आलेल्यांना विचारलंच नव्हतं.

मी डेस्पिनाची बेल वाजवली. "माझं चुकलं. तिला परत ने."

"कुठे नेऊ? घर नाही, आणि तिच्या ओळखीचंही कोणी उरलं नाही तिथे. तुझे आकडे बरोबरच होते गं. मी वीस वर्षांपूर्वीचं गाव सांगत बसले होते."

ती सूप गरम करायला गेली. मी आत गेले. आजी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आजी, मी हेल्का. शेजारची." चार महिन्यांत पहिल्यांदाच सांगत होते.

तिने मान वळवली नाही.