लॉरीचा घसारा

वामनने लॉरी घेतली त्या दिवसापासून दत्तात्रयला अन्न गोड लागेना. वामन त्याचा चुलतभाऊ. दोघांचा धंदा एकच, दापोऱ्याहून केळी उचलायची आणि बऱ्हाणपूर स्टेशनावर वॅगनमध्ये चढवायची. दत्तात्रयची बैलगाडी अर्ध्या वाटेत असायची तेव्हा वामन धूळ उडवत परत निघालेला असायचा. तेवढंही त्याने सोसलं असतं. पण लॉरी हप्त्यांवरची, धड वामनची झालेलीही नाही, तरी गाडी झिजते म्हणून इन्कमटॅक्सच्या साहेबाने त्याला घसाऱ्याची सूट दिली. हे कळलं आणि दत्तात्रयचा नुसता जळफळाट झाला.

पोळा होताच त्यानेही हप्त्यांवर लॉरी आणली, वामनच्या लॉरीहून हातभर लांब. पण रस्त्यावर काढली नाही. आपण वर्षभर वामनच्या गाडीकडे कसल्या डोळ्यांनी बघत होतो, ते त्याला चांगलं ठाऊक होतं. वामनही तसाच बघणार. नजर लागायला नको म्हणून त्याने लिंबू-मिरची बांधून लॉरी वखारीत झाकून ठेवली. व्यापाऱ्याचं नवं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला लागतं, तेव्हाच पूजा करून काढू म्हणाला.

नवरात्रात वामनच्या लॉरीचा आस मोडला. केळी कापून पडलेली. तो दारात आला.

"दत्तूभाऊ, दोन दिवस तुमची लॉरी द्या ना. भाडं बराबर देतो."

"मुहूर्त व्हायचाय अजून."

वामन गेल्यावर कुसुम नवऱ्याला म्हणाली, "द्यायची होती. घरचाच माणूस आहे."  त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी दत्तात्रय पोटभर जेवला.

पुढे दत्तात्रयच्या इन्कमटॅक्सची सुनावणी निघाली, दिवाळीला संपलेल्या वर्षाची. सूट मिळाली तर पुढचा हप्ता भागणार होता, नाहीतर हप्ते घेणारी कंपनी लॉरी ओढून नेणार होती.

"हप्त्यांचं काही नाही," साहेब म्हणाले. "पण गाडी धंद्यात चाललेली पाहिजे. दिवाळीआधी एक तरी फेरी झाली का?"

दत्तात्रयचं तोंड उतरलं. पाडवा म्हणजे नवं वर्ष. जुन्या वर्षात चाकसुद्धा हललं नव्हतं.

मागच्या बाकावर वामन आपल्या पाळीची वाट बघत होता. तो उठून पुढे आला.

"चालली ना साहेब. नवरात्रात माझी केळी यांच्याच लॉरीने उचलली. भाडं दिलं मी."

साहेबांनी टाक उचलला. दत्तात्रयने फक्त गप्प बसायचं होतं. पण आता आपली लॉरी वामनच्या मेहेरबानीवर उभी राहणार, जन्मभर त्याच्यासमोर मान खाली घालायची, आणि तो मात्र गावभर भला माणूस म्हणून मिरवणार, हे त्याच्या मनाला सोसवेना.

"खोटं बोलतोय तो," दत्तात्रय म्हणाला. "मागायला आला होता. मीच दिली नाही."

साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं.