दुधीची वांझ फुलं

माझी भावजय शांतम्मा हिची नजर घारीची होती. हे मी आज कौतुकानं सांगते. त्या वर्षी मात्र घरातल्या सगळ्यांसारखी मीही तिला नको ते बोलले होते, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

निजामी अमलाचे शेवटचे दिवस. आमचं गाव उमरग्याजवळ. लग्नाला सहा वर्षं होऊनही शांतम्माची कूस उजवली नव्हती. त्यात तिनं न्हाणीच्या सांडपाण्यावर दुधी लावला. वेल असा माजला की गोठ्याचं छप्पर झाकून गेलं. पण बोटाएवढे दुधी धरायचे, चार दिवसांत पिवळे पडायचे आणि गळायचे. आई टपूनच बसलेली.

"जशी लावणारी, तसा वेल," ती वडिलांना म्हणाली. "आता पोराचं दुसरं लगीन करा. अमावस्या झाली की पहिल्या सोमवारी मुरूमला जाऊन पोरगी बघून या."

माझे वडील महालिंगप्पा, आमचे अप्पा, देवभोळे आणि मायाळू, पण आईपुढं मान हलवणारे. ते "बरं" म्हणाले. माझा भाऊ रेवणसिद्ध खाली मान घालून भाकरी मोडत राहिला. मला त्याचा आजही राग येतो.

शांतम्मा रडली नाही. कामं उरकली की वेलाखाली जाऊन बसायची. एक दिवस मला म्हणाली, "वन्सं, छपरामागचे ते दोन दुधी बघा. तेवढेच कसे टिकले?"

खरंच, ते दोन चांगले हातभर झाले होते.

"मामंजी लग्नाला कळंबला गेले हुते ना? त्या चार दिवसांतली ती फुलं हायेत."

अप्पांचा आणि वेलाचा काय संबंध? होता. उन्हाळ्यात गावातली फुलझाडं करपून जायची, आणि आम्ही लिंगायत, रोज तळहातावर घेऊन करायच्या लिंगाच्या पूजेला फूल तर हवंच. दुधीची पांढरी फुलं दिवेलागणीला उमलतात. अप्पा अंघोळ करून नेमके तेव्हाच परडी घेऊन यायचे. ज्या फुलाखाली इवला दुधी असेल त्याला ते बोटही लावत नसत. "लेकुरवाळीला कोण तोडतं?" म्हणायचे. लांब देठाची, खाली फळ नसलेली फुलं म्हणजे वांझ, म्हणून ती सगळी देवाला. एकही मागं राहायचं नाही.

त्या संध्याकाळी शांतम्मानं जे केलं, ते करायची माझी छाती झाली नसती. अप्पांनी परडी कट्ट्यावर ठेवली होती. तिनं त्यातलं एक फूल उचललं, पाकळ्या मागं सारल्या आणि आतली पिवळी भुकटी एका लेकुरवाळ्या फुलाच्या मधल्या चिकट बोंडावर हलकेच टेकवली. मग दुसऱ्या फुलावर, मग तिसऱ्या. तिन्ही देठांना तिनं लाल दोरा बांधला.

"देवाचं फूल उचललंस, शांतव्वा?" मागून अप्पांचा आवाज आला. एवढा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"चुकलं, मामंजी. पण सोमवारपतोर दोऱ्याची फुलं तेवढी बघा. टिकली न्हाईत, तर म्या आपल्या पायानं माहेरी जाते."

अप्पा "शिव शिव" म्हणत परडी घेऊन आत गेले, पण त्यांनी दोरे सोडवले नाहीत.

आठवड्यात बिनदोऱ्याची सगळी गळाली. दोऱ्याची तिन्ही मनगटाएवढी झाली.

पुढं मास्तरीण झाल्यावर मी हे पुस्तकात वाचलं. भुकटीचा कण बोंडावर पडला, की केसाहून बारीक नळी आत सोडतो. ती नळी थेट खालच्या इवल्या दुधीत उतरून एका कोवळ्या बीजाशी पोचते, तिथं नराचा अंश मादीच्या अंशाला मिळतो, तेव्हा कुठं एक बी धरते. दर बीला वेगळा कण, आणि एका दुधीत शेकडो बिया! वाचताना माझ्या अंगावर काटा आला. यातलं अर्धं, एकही अक्षर न शिकता, ओळखणारी बाई आमच्याच गोठ्यामागं बसत होती.

सोमवारी गाडी जुंपली. अप्पा फेटा बांधून आधी वेलापाशी आले. तिन्ही दुधींवरून त्यांनी हात फिरवला.

"म्हंजी, म्या ज्यास्नी वांझ म्हणून तोडत हुतो…"

"ते बाप हुते, मामंजी," शांतम्मा म्हणाली. "बापच न्हाई, तर एकट्या फुलानं काय करावं?"

आई दारातून ओरडली, "निघा आता, ऊन व्हतंय!"

अप्पा गाडीत चढले आणि म्हणाले, "रेवण्णा, तू बी बस."

"मी? मुरूमला?"

"मुरूमला न्हाई. उमरग्याला, हकीमाकडं. आधी तुला दाखवू."

रेवण्णाचे कान लाल झाले, पण तो चढला. आई तोंडाला पदर लावून बघत राहिली. गाडी वळणाआड गेली तशी शांतम्मा वेलाखाली जाऊन बसली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हमसून हमसून रडली.