सुरू व्हायलंय

कॉम्प्युटरच्या पडद्यावर पांढरं चक्र फिरत होतं.

टँकर कोपऱ्यावर वळायच्या आतच गल्लीतल्या घागरी रस्त्यावर रांगेत बसल्या होत्या.

शेंद्र्याच्या रस्त्याला नव्या इमारतींची पाटी लागली होती. पाटीवर पोहायचा निळा तलाव होता.

दौलताबादेत लोक सीताफळीच्या झाडांना भांडी धुतलेलं पाणी घालत होते.

नळाला पाणी येई त्या दिवशी गल्लीत कुणी कुणाचा फोन उचलत नसे.

यमुनाबाई आतल्या खोलीत जांभळ्या साडीच्या निऱ्या घालत होत्या.

आणि व्यंकटराव खुर्चीत बसून त्या चक्राकडे पाहत होते. देवापुढच्या समईकडे पाहावं तसं. विझू नये, एवढंच मागणं.

"झालं का सुरू?" आतून आवाज आला.

"व्हायलंय."

रोज संध्याकाळी एवढंच बोलणं. देवेश, त्यांचा एकुलता एक मुलगा, टोरांटोला होता तेव्हा याच वेळेला कॉम्प्युटरवर दिसायचा. इकडे दिवेलागण, तिकडे त्याचा सकाळचा चहा. दीड वर्षापूर्वी तो तिथल्या भाड्याच्या खोलीत वारला. एकटाच होता. त्यानंतर यमुनाबाईंना विसर पडू लागला. दोनदा व्यंकटरावांनी त्यांना खरं काय ते सांगितलं. दोन्ही वेळा त्या नव्यानं कोसळल्या, भिंतीवर डोकं आपटून घेतलं, आणि सकाळी उठून विचारलं, देवेशचा फोन येऊन गेला का. तिसऱ्यांदा सांगायची व्यंकटरावांची छाती झाली नाही.

मग उन्हाळ्याच्या तोंडाला पडद्यावर एक चौकट आली. ब्राउझरची नवी आवृत्ती हवी का, असं ती विचारत होती. व्यंकटरावांची सगळी नोकरी कारकुनीत गेलेली. वरून आलेल्याला नाही म्हणायची सवय नव्हती. त्यांनी होकार दाबला. त्या दिवसापासून कॉम्प्युटर सुरू होता होता जेवणाची वेळ व्हायची. यमुनाबाई नटून समोर बसायच्या, वाट बघता बघता पेंगायच्या. व्यंकटराव त्यांना हाताला धरून आत न्यायचे. आता खोटं बोलावं लागत नव्हतं. त्यांच्या वाटचं ते मशीनच बोलत होतं.

आज मात्र हिमांशू आला. यमुनाबाईंच्या बहिणीचा मुलगा, शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरीला. अंगात कंपनीचा शर्ट, खांद्यावर पाण्याचा जार. जार दारातच टेकवून त्यानं पडद्याकडे पाहिलं.

"काका, हे कधीपासून असं रडायलंय?"

"राहू दे रे. जुनं झालंय, आमच्यासारखं."

"तुमच्यापेक्षा तर लई तरुण आहे," म्हणत तो खुर्ची ओढून बसलासुद्धा.

व्यंकटरावांनी चहाचं विचारलं, कंपनीचं विचारलं, मुली बघतोस का म्हणून विचारलं. हिमांशू मान न वळवता सांगत राहिला की जुना ब्राउझर तसाच पडून आहे, नवा त्याच्या डोक्यावर बसलाय, दोघं एकदम उठायला बघतात; एका नळाला दोन मोटारी लावल्यावर दुसरं काय होणार. त्यातून नवा ब्राउझर मशीन चालू होताच मागची झाडून सगळी पानं उघडत होता. हिमांशूनं जुना काढून टाकला. आपोआप उघडणाऱ्या गोष्टींपुढच्या खुणा एकेक पुसल्या. कॉल करायचं पान तेवढं मावशीसाठी राहू दिलं. मग त्यानं मशीन बंद करून परत चालू केलं.

व्यंकटराव वाकून त्याच्या कानाशी आले.

"नको करूस, बाबा. ती बसते रोज इथं. हे उघडलं की तिला सांगावं लागंल."

हिमांशूचा हात जागीच थांबला. पण चक्र एकदाच फिरलं आणि पडदा लख्ख उघडला.

यमुनाबाई दारात आल्या होत्या. पदर खांद्यावर, पिन अजून दातांत. पडद्यावर देवेशचा गोल फोटो होता. त्याखाली राखाडी अक्षरांत एक तारीख, आणि कॉल घेतला गेला नाही एवढी एक ओळ.

व्यंकटराव मध्ये जाऊन उभे राहिले. यमुनाबाईंनी त्यांना दंडाला धरून बाजूला सारलं. ओळ वाचली. भिंतीकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. दातांतली पिन काढून त्यांनी ती पदराला नीट लावली.

"बंद कर रे ते, हिमांशू," त्या म्हणाल्या. "पहिल्यासारखं करून दे. यांना बघत बसायची सवय झालीय."

व्यंकटरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या जार कुठं ठेवायचा ते बोटानं दाखवत होत्या.

हिमांशूनं काढलेलं सगळं परत घातलं, पुसलेल्या खुणा परत केल्या. जार स्वयंपाकघरात नेऊन ठेवला आणि चहा न घेताच तो निघून गेला. चक्र फिरू लागलं. यमुनाबाई खुर्चीत बसल्या.

"झालं का सुरू?"

व्यंकटरावांनी दुसरी खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली.

"व्हायलंय."

देवेशचा तो शेवटचा कॉल अवेळी, सकाळच्या पारी आला होता. बऱ्याच दिवसांनी नळाला पाणी आलेलं, दोघं पिंप भरत होते, आणि घंटी दोघांनीही ऐकली होती.